भिल्लांत राहिलेले साहेब



अंबरनाथ-बदलापूरची काही मंडळी पाळी सुटल्यावर डबा हातात घेऊन थेट इथे आलेली दिसतात. त्यांचा वेळ आम्ही फार घेणार नाही. आमची शाळा सातवीलाच सुटली. खानदेशची हकीकत वाचली ती वाचनालयात बसून, शब्द लावीत लावीत. चूकभूल पदरात घ्यावी.

1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेला आणि डोंगरांतल्या भिल्ल नाइकांशी त्यांचे वाजू लागले. पलटणी रानात गेल्या आणि तापाने फणफणून परतल्या. तेव्हा 1825 साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी दुसरी वाट धरली. कन्नडकडच्या भिल्लांना तगाई देऊन नांगराला लावायचे आणि धरणगावास भिल्लांचीच पलटण उभारायची. हे दुसरे काम 22 वर्षांच्या जेम्स आउट्रमकडे आले.

हा गडी पहारा न घेता जंगलात गेला. नाइकांना दारू पाजली, त्यांच्याबरोबर वाघाची शिकार केली, त्यांच्यातच निजला. पेशवाईच्या अखेरीस भिल्लांना विश्वासाने बोलावून दगा झालेला होता, म्हणून ते सहजी येईनात. प्रथम आले ते पाच जण. मग शेकड्यांनी आले. आउट्रम ढोंगी होता असे आम्ही म्हणत नाही. जिवावर उदार होऊन ढोंग कोण करतो?

पण ही पलटण चालली कोणावर? 1830 साली आउट्रम डांगात शिरला तो हीच माणसे घेऊन, तिथल्या भिल्ल राजांना नमवायला. 1842 साली सरकारने डांगचे जंगल पट्ट्याने घेतले. सागवान हवे होते. आउट्रम 1835 सालीच खानदेश सोडून पुढच्या नेमणुकीवर गेला होता.

सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेत सें-कास्तँ नावाचा फ्रेंच अधिकारी अबेनाकी लोकांत असाच राहिला. त्याने त्यांच्या सरदाराच्या मुलीशी लग्न केले, त्यांच्या बाजूने इंग्रजांशी लढला. पुढे त्याचा मुलगाही त्यांचा पुढारी झाला. फ्रान्सच्या राजाचा स्वार्थ त्यातही होताच. तरी तो त्यांचा सोयरा झाला. आउट्रम भिल्लांचा दोस्त झाला, पण त्याला हुकूम यायचा तो मुंबईहून. आणि 1857 साली सातपुड्यात उठलेला खाज्या नाईक? तोही आधी सरकारच्याच चाकरीत, सेंधव्याच्या घाटाची राखण करीत होता.

तरुणपणी आम्हीही एका कारखान्याच्या कामगारांत खोली घेऊन राहिलो. त्यांची भाकरी खाल्ली, त्यांच्या मर्तिकाला खांदा दिला. संपात एकदा मालकाने आम्हाला एकट्याला आत बोलावले. चहा झाला, गोड बोलणे झाले. बाहेर येऊन आम्ही म्हणालो, "उद्यापासून कामावर चला." एक म्हातारा साचेवाला उठून म्हणाला, "दादा, आत काय ठरलं ते आधी सांगा. कामावर जायचं का नाही ते आम्ही ठरवू."

राग आला होता, खोटे कशाला बोला! पण तेव्हापासून मालकाच्या खोलीत आम्ही एकटे जात नाही. दोन कामगार बरोबर असतात. त्यांतले एक आज पुढच्या रांगेत बसले आहेत. आत आम्ही किती वेळा त्यांच्या तोंडाकडे बघून गप्प बसलो, ते त्यांनाच विचारा.