मधली वर्षे



धानाच्या मुलखातल्या ज्या साकोलीत आपण आज जमलो आहोत, तिच्या उत्तरेला भंडारा रोड, तुमसर रोड या स्टेशनांवरून नागपूर–राजनांदगाव लोहमार्ग जातो. १८९३ साली या मार्गावरच्या गाडीत नारायण वामन टिळकांना एक अनोळखी युरोपियन प्रवासी भेटला. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ही हकीकत आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांना तोंडपाठ आहे: गाडी, पुस्तक, बाप्तिस्मा. तिच्यात एक माणूस मात्र स्टेशनावरच राहून जातो, आणि ते म्हणजे टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. ज्या दिवसाला आपण प्रकाशाचा दिवस म्हणतो, त्या दिवशी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधली पाच वर्षे आपण बहुधा एका वाक्यात उरकतो. माझे आजचे म्हणणे या मधल्या वर्षांविषयीच आहे.

संकटाने विश्वास परिपक्व होतो, असे आपण सरसकट म्हणतो आणि आधाराला रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढतो. पौलाने तिथे क्लेश, धीर, कसोटीला उतरलेले शील आणि आशा अशा पायऱ्या सांगितल्या आहेत. पण एका पायरीवरून दुसरीवर जायला किती वर्षे लागतात, हे त्याने सांगितलेले नाही आणि प्रत्येकजण वर पोचतोच असेही म्हटलेले नाही. आपल्या उपदेशांत रोवणीचा दाखला हमखास येतो: पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटल्याशिवाय धान पिकत नाही. दाखला खरा आहे, पण अर्धा. उपटलेल्या पेंढ्या धुऱ्यावर पडून राहिल्या तर उन्हाने वाळतात. चिखलात लावलेले रोपही काही दिवस पिवळे पडते. त्या दिवसांत शेतकरी ते मेले म्हणून सोडून देत नाही आणि जगले म्हणून निश्चिंतही होत नाही. बांधीत पाणी आहे की नाही, एवढेच तो बघत राहतो. उपटणे एका दिवसाचे काम आहे. रोपाचे काय होणार, हे नंतरच्या दिवसांत ठरते. संकटाचेही तसेच आहे. संकट माणसाला पिकवत नाही. संकटानंतरच्या लांब, पिवळ्या काळात तो स्वतःशी खोटे बोलला नाही आणि माणसांपासून तुटला नाही, तरच काही पिकते.

याला पुरावा पंडिता रमाबाईंचा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण गेली. भावासोबत त्यांनी देशभर पायपीट केली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती बिपिन बिहारी मेधावी गेले. त्या वेळी रमाबाईंना चोविसावे वर्षही पुरे झाले नव्हते आणि पदरात तान्ही मनोरमा होती. नुसत्या दुःखाने परिपक्वता येत असती तर ती इथेच यायला हवी होती. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या मठातील भगिनींशी त्यांचा कडाक्याचा पत्रवाद चालला. सिद्धान्तांबद्दल तर वाद झालाच, वधस्तंभावरची अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत, असाही झाला. तिकडच्या काही जणींना यात अहंकार दिसला. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो: न पटलेल्या गोष्टीला त्यांनी पटली म्हटले नाही. पुढे १९०७च्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच कबुली दिली की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढे मोठे नाव झालेल्या बाईने आठ वर्षांची रिकामी जागा जगापुढे मांडावी, याला मी परिपक्वता म्हणतो. तिची बाहेरची खूणही आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. तिथून त्यांनी शेकडो मुली आणि विधवा आपल्या आश्रयाला नेल्या आणि केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. स्वतःच्या उपासमारीची आठवण या फिरण्यामागे होती, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. ती भूक दुसऱ्याच्या उपयोगी पडायला सुमारे वीस वर्षे लागली.

लक्ष्मीबाईंची परिपक्वता दाखवायला माझ्याकडे याहून चांगला पुरावा आहे, तो म्हणजे त्यांचे गद्य. ज्या घरात वडिलांच्या सोवळ्यापायी बाजारातून आलेले धान्यसुद्धा धुऊन घ्यावे लागे, त्या घरातल्या या मुलीचे अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळा तिने पाहिली नव्हती. नवऱ्याने तिला विश्वासात न घेता धर्म बदलला. त्या परत नवऱ्याजवळ राहायला आल्या तेव्हाही चूल आणि पाणी वेगळेच होते. जात कोणी केली, देवाने की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला: जन्म, मरण, डोळे, कान सगळ्यांना सारखेच, तर भेद देवाचा कसा? उत्तर मिळाल्यावर चूल एक झाली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. कोणी घाई केली असती तर बाप्तिस्मा आधी झाला असता आणि सोवळे मनात तसेच राहिले असते. १९३४पासून त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागले. त्यात टिळकांचा संताप आहे, विसरभोळेपणा आहे, घरात पैसा नसताना दुसऱ्याला देऊन टाकण्याची खोड आहे. आणि हे सगळे हसत सांगितले आहे. ते हसू कडवट नाही आणि नवऱ्याला संत करून टाकण्याची धडपडही त्यात नाही. ज्याने सर्वात जास्त दुखावले त्याच्याविषयी खरे आणि तरीही प्रेमाने लिहिणे, यापलीकडे आध्यात्मिक प्रौढतेची कसोटी मला ठाऊक नाही. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. दहा-अकरा अध्यायच झाले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि त्यासाठी साठाहून जास्त अध्याय लिहिले.

यावर आक्षेप येतील, यायलाच हवेत. पहिला असा की, तुम्ही तगलेल्यांची उदाहरणे देता. जे मोडले, ज्यांनी विश्वास सोडला, त्यांची आत्मचरित्रे कुठे आहेत? आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच संकटाला मी कारण म्हणत नाही, फार तर प्रसंग म्हणतो. मोडलेल्यांचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. ईयोबाच्या मित्रांनी नेमके तेच म्हटले, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा रोष ईयोबावर नाही, त्या मित्रांवर होतो. ज्याने दुःखाची ओरड केली त्याचे बोलणे देवाला योग्य वाटले, ज्यांनी दुःखाचे समर्थन केले त्यांचे नाही. ही गोष्ट आपल्या शोकसभांत कुणी वाचून दाखवीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुःखातून वाढ होते ही शिकवण सोसणाऱ्याला सोसतच ठेवण्यासाठी वापरली गेली आहे. मार खाणाऱ्या सुनेला, वाड्याबाहेर उभ्या केलेल्या दलिताला, मजुरी बुडालेल्या माणसाला ‘धीर धर, प्रभू घडवतो आहे’ असे सांगणे सोपे असते आणि सांगणाऱ्याला त्यात काही मोजावे लागत नाही. पण रमाबाईंनी वैधव्याचे दुःख पवित्र मानले का? त्यांनी १८८९ साली विधवांसाठी शारदा सदन काढले. लक्ष्मीबाईंनी सोवळे सोसण्यालायक मानले का? त्यांनी ते टाकले. मृत्यू, आजार, वार्धक्य यांपुढे धीर हा शब्द शोभतो. माणसाने माणसाला दिलेल्या दुःखापुढे धीराइतकीच फिर्यादही शोभते, आणि स्तोत्रसंहितेत ती फिर्याद पानोपानी आहे.

तिसरा प्रश्न शेजारच्यांचा: यात खास ख्रिस्ती काय? १६३०च्या दुष्काळात पहिली पत्नी गमावून कर्जखते इंद्रायणीत सोडणारे तुकोबा याच वाटेने गेले नाहीत का? गेले, आणि त्यात आपले काही कमी होत नाही. टिळक तर स्वतःच तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. आपल्या श्रद्धेचे वेगळेपण एवढेच की, इब्री लोकांस पत्राप्रमाणे खुद्द पुत्रही सोसून आज्ञापालन शिकला. ज्याला आपण प्रभू म्हणतो त्यालाही शिकायला लागले, मग आपल्या मंडळीतल्या एखाद्या विधवेला वर्षभरात सावरली नाही म्हणून बोल कशाला लावायचा?

आता लेखकांकडे येतो. आपले साक्षीवाङ्मय छापील फॉर्मसारखे झाले आहे: आधी अंधार, मग संकट, लगेच आनंद. मधल्या रकान्याला जागाच नाही. म्हणून ते वाचणाऱ्या दुःखी माणसाला वाटते, आपलेच काही चुकले. ‘स्मृतिचित्रे’ बिगरख्रिस्ती मराठी वाचकानेही आपले मानले, त्याचे एक कारण मधल्या वर्षांची ही नोंद आहे. लक्ष्मीबाई १९३३ साली नागपूरला मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी भूषवलेल्या अध्यक्षपदावरून आज बोलताना या विदर्भातल्या लेखकांकडे माझे एक मागणे आहे. साकोली, लाखनी, लाखांदूरच्या मंडळ्यांत, रोवणीच्या बांधीत अर्धे आयुष्य वाकून काढलेल्या म्हाताऱ्या बाया आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जा. त्या झाडीबोलीत बोलतील, ती बोली पुस्तकी करू नका. सांगता सांगता एखादी गप्प होईल, मग म्हणेल, ‘ते नको लिहू.’ तिने नको म्हटले तर लिहू नका. पण उठू नका, बसून राहा. तिने पुढे सांगितले तर तिथूनच लिहायला सुरुवात करा.