तणनाशक पोटात गेल्यावर

हैदराबादच्या अंबरपेठ, काचीगुडा भागात मराठी घरं आहेत. नांदेड, किनवट, आदिलाबादकडचं माणूस गंभीर आजारी पडलं की पुष्कळदा हैदराबाद गाठतं. अशा गंभीर दुखण्यांपैकी एकाविषयी आज बोलायचं आहे. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं, तर काय करायचं?

असा रुग्ण पहिल्या दिवशी बोलतो, चालतो. उलट्या होतात, तोंड आणि घसा सोलवटतो. घरच्यांना वाटतं, वाचला! काही जण त्याला घरीही नेतात. घात होतो तो इथेच. एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं दगा देतात, लघवी कमी होते, डोळे पिवळे पडतात. फुफ्फुसाच्या पेशी तर हे विष ओढून घेतात आणि तिथे ते प्राणवायूच्या साथीने पेशी नासवत राहतं. म्हणून गरज नसताना अशा रुग्णाला ऑक्सिजन लावत नाहीत, त्याने इजा वाढते. यावरून डॉक्टरांशी भांडू नका.

पॅराक्वाटवर उतारा नाही. सुरुवातीच्या तासांत औषधी कोळसा देऊन पोटातलं विष अडवायचं, रक्त कोळशाच्या गाळणीतून फिरवायचं, यावरच भिस्त असते. स्टेरॉइड देतात, पण त्याचा ठाम भरवसा नाही. डायलिसिसच्या आधाराने मूत्रपिंडं सावरू शकतात. फुफ्फुस एकदा निबर झालं की पूर्ववत होत नाही. 2022 साली हैदराबादेत अशा एका तरुणाची दोन्ही फुफ्फुसं बदलून त्याला वाचवलं गेलं. मोठंच यश ते. पण शरीरात विष उरलेलं असेल तर नवी फुफ्फुसंही खराब होतात, आणि विष निघून जाईपर्यंत तग धरणारे थोडेच.

केरळने 2011 मध्ये पॅराक्वाटवर बंदी घातली. श्रीलंकेने 2008 पासून ते टप्प्याटप्प्याने बंद केलं आणि तिथे कीटकनाशकांनी होणारे मृत्यू घटले. उपचार इतके तोकडे असताना हे विष दुकानातूनच हटवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर एवढं करा. तणनाशक थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका, कुलपात ठेवा. कुणाच्या पोटात गेलंच, तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा. बाटली सोबत घ्या आणि माणूस कितीही बरा दिसत असला तरी तडक मोठं रुग्णालय गाठा. हे विष पुष्कळदा निराशेतून घेतलं जातं; म्हणून घरात कुणी खचलेलं असेल, तर त्याच्याजवळ बसा, बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक अहोरात्र मोफत आहे, तो लिहून ठेवा.