बाल्साचा सर्फबोर्ड, दोन रेझिन आणि माझी घाई

कानात इअरफोन असतील आणि लोकलमध्ये उभे असाल, तर दांडी नीट धरा, कारण आजचा भाग जरा चिकट आहे. आज रेझिनबद्दल बोलूया.

मी मूळचा मालवणचा. आमच्या मामाचं काम फायबरच्या होड्या दुरुस्त करण्याचं. मॅट, रेझिन, हार्डनर हे शब्द मी शाळेच्या आधी शिकलो म्हणा ना. आता मी कॅलिफोर्नियात असतो. नोकरी वेगळीच आहे, पण शनिवार-रविवार गॅरेजमध्ये सर्फबोर्ड दुरुस्त करतो. आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता. तो कसा उतरला, तेच सांगतो.

माझ्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांच्याकडे १९५० च्या दशकातला बाल्साचा बोर्ड आहे, थोरल्या भावाचा. भाऊ आता नाहीत. १९५८ च्या सुमारास होबी आल्टर वगैरे मंडळींनी फोमचे बोर्ड बाजारात आणले आणि बाल्सा मागे पडला. त्याआधी दहा-एक वर्षं इथे बाल्साचंच राज्य होतं. लाकूड इक्वेडोरहून यायचं, वरून काचेचं कापड आणि पॉलिएस्टर रेझिन. म्हणजे आपल्या कोकणातल्या फायबर होडीचाच हा चुलत भाऊ, फक्त पोटात लाकूड.

तर त्या बोर्डाच्या कडेला हाताएवढी भेग होती. आतलं लाकूड काळपट पडलेलं. मी भोवतालचं कापड कापलं, दोन दिवस उन्हात ठेवलं, वर हात फिरवला, कोरडं लागलं. पॉलिएस्टर कालवलं, कापड बसवलं, घासलं, चकाचक! आजोबा खूश. आठच दिवसांत पॅच फुगला. बोटाने दाबला तर खालून खारट पाणी आलं.

आजोबा रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "किती दिवस सुकवलं होतंस?" दोन, म्हटलं. ते गप्प बसले. ते गप्प बसणं मला जास्त लागलं.

रात्री मामाला व्हिडिओ कॉल केला. सगळं दाखवलं. मामा म्हणाला, "रेझिन मगे बघ रे. लाकूड सुकला काय?"

आता नीट ऐका, कारण इथेच खरी निवड आहे.

पॉलिएस्टर स्वस्त, पटकन घट्ट होतं, घासायला सोपं. हार्डनर साधारण १ ते २ टक्के. थोडा कमीजास्त झाला तरी निभावतं, वेळ तेवढा बदलतो. पण उघड्या लाकडाला त्याची पकड बेताची. लाकूड दमट असेल तर विचारूच नका.

इपॉक्सी महाग, सावकाश घट्ट होतं, पण लाकडाला घट्ट धरतं आणि बोर्ड वाकला की थोडं वाकतं. मात्र मोजमाप काटेकोर हवं. डब्यावर २ला १ लिहिलंय तर २ला १च. "लवकर सुकू दे" म्हणून हार्डनर जास्त घातलात तर लवकर तर सुकत नाहीच, कायमचं चिकट राहतं.

आणि एक नियम पाठ करा: जुन्या पॉलिएस्टरवर, घासून घेतलं तर, इपॉक्सी बसतं. पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. म्हणजे एकदा इपॉक्सी लावलं की त्या जागी पुढेही इपॉक्सीच.

माझा हिशोब आता असा. फक्त वरची काच तडकलीय, लाकूड उघडं पडलेलं नाही, आणि मालकाला बोर्ड मूळ रूपात हवाय, तर पॉलिएस्टर. लाकूड दिसतंय, तर इपॉक्सी. पाच मिनिटांत घट्ट होणारं ट्यूबमधलं इपॉक्सी मात्र तात्पुरतंच, पाण्यात ते फार टिकत नाही.

दुसऱ्या वेळी मी असं केलं. आधी गोड्या पाण्याने मीठ धुतलं, कारण मीठ ओल धरून ठेवतं. मग बोर्ड सावलीत, वाऱ्याला. भारतात येताना बॅग तोलायचा काटा असतो ना, त्यावर दर तीन दिवसांनी वजन. वजन उतरायचं थांबलं तेव्हाच सुकलं असं मानलं. तीन आठवडे लागले! मऊ पडलेला भाग काढून तिथे बाल्साचाच तुकडा बसवला. आधी इपॉक्सीचा पातळ हात, कारण बाल्सा रेझिन पितो. तो हात दिला नाही तर लाकूड कापडातलं रेझिन ओढून घेतं. आणि हे काम संध्याकाळी, गारवा वाढत असताना. सकाळी केलंत तर लाकूड तापतं, आतली हवा बाहेर येते आणि बुडबुडे धरतात. शेवटी ऊन अडवणारं व्हार्निश, कारण इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं.

हातमोजे विसरू नका. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जात नाही. पॉलिएस्टरचा हार्डनर डोळ्यांना घातक, चष्मा हवाच. आणि मामाच्या कारखान्यातला पहिला नियम: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो.

बोर्ड परत दिला तेव्हा आजोबांनी पॅच बघितलाच नाही. आधी उचलून वजन बघितलं आणि म्हणाले, "हलका झाला." तो पुन्हा पाण्यात गेलाय. दर वेळी बाहेर आला की मी अजून तिथेच बोट दाबून बघतो.

तुमच्या घरात होडी असो, कॅरम असो, आजीचा पाट असो, रेझिन निवडण्याआधी मामाचा प्रश्न विचारा. भेटू पुढच्या भागात. तोवर, घाई नको!