दुखतो पाय, फॉल्ट कमरेत: सायटिका समजून घेऊ

आजचा विषय सायटिका. मी डॉक्टर नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण हे दुखणं दोन महिने स्वतः काढलंय, आणि त्या काळात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट दोघांनाही भरपूर प्रश्न विचारलेत. जे समजलं ते सांगतो.

माझ्या उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत करंट लागल्यासारखी चमक जायची. शिंक आली की डोळ्यांसमोर काजवे. अकोल्याची मोठी आई म्हणाली, "नस चढली तुही, बाबू. मालिशवाल्याकडं जाय." ऑफिसातला मित्र म्हणाला, "ऑपरेशन करून मोकळा हो." दोघांचीही काळजी खरी होती, पण दोघांनाही घाई झाली होती.

आधी दुखणं समजून घेऊ. घरातली लाइट गेली आणि फॉल्ट चौकातल्या डीपीत असेल, तर बल्ब बदलून काय होणार? सायटिकाचं तसंच आहे. कमरेच्या मणक्यांमध्ये गाद्या असतात, त्यांना डिस्क म्हणतात. बाहेरून चिवट कडं, आत मऊ गर. कडं फाटून गर बाहेर आला की शेजारच्या नसेच्या मुळावर दाब येतो आणि तिथं सूजही येते. बहुतेक वेळा हे कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत होतं. तिथूनच पायात जाणारी सायटिक नस तयार होते, शरीरातली सगळ्यात जाड नस. म्हणून बोंब पोटरी मारते, पण अडलेलं असतं कमरेत. तेल लावून बरं वाटत असेल तर खुशाल लावा. पण कमरेवर पाय देऊन, झटका मारून 'नस बसवणं' मात्र नको.

दुखणं नवं नाही. चरकसंहितेत याला गृध्रसी म्हटलंय. सरकलेल्या गादीमुळे हे होतं, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या सर्जननी १९३४ साली दाखवलं, आणि तिथून ऑपरेशनची वाट रुळली.

मग ऑपरेशन करायचं का? २००७ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास छापून आला. दीड ते तीन महिने जोराचा सायटिका असलेले २८३ पेशंट. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी थांबायला सांगितलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांचं दुखणं लवकर कमी झालं. पण वर्षभरानं पाहिलं तर दोन्ही गटांत साधारण ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी दहातल्या चौघांना पुढे ऑपरेशन लागलं, हेही खरं. म्हणजे ऑपरेशन वाईट नाही, पण बहुतेकांना विचार करायला वेळ असतो. बाहेर आलेला गर बऱ्याचदा शरीर स्वतःच जिरवतं. बरेच जण दीड-दोन महिन्यांत पुष्कळ सुधारतात.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' वाचून घाबरू नका. काहीच न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकीही साधारण ३० टक्क्यांच्या एमआरआयमध्ये बल्ज दिसतो. रिपोर्ट आणि तुमचा त्रास जुळतो का, हे डॉक्टरांना तपासू द्या.

मग करायचं काय? पलंगावर पडून राहू नका. एक-दोन दिवस ठीक, मग झेपेल तितकं चालायचं. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच, कारण मनानं महिनाभर घेतली तर पोट आणि किडनी बिघडते. व्यायाम यूट्यूब पाहून नाही, फिजिओकडून शिकून. एक खूण लक्षात ठेवा: दुखणं पोटरीतून वर सरकत कमरेकडे आलं तर चांगलं लक्षण. उलट खाली पंजाकडे उतरत असेल तर तो व्यायाम थांबवा.

अमरावती-अकोला रस्ता आता मख्खन झालाय. जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज रेकॉर्ड झाला, तोच हा रस्ता. पण रस्ता चांगला म्हणून न थांबता गाडी हाणू नका. मूर्तिजापूरला उतरा, चार पावलं चाला. लॅपटॉपवाल्यांनी अर्ध्या तासानं उठा.

आणि आपल्या गावाकडच्या बाया? वेचणीत दिवस दिवस वाकून असतात. त्यांना 'आराम करा' म्हणणं सोपं आहे, पण मजुरी कोण देईल? निदान ओटी लवकर रिकामी करणं, मधूनमधून पाठ ताठ करणं, गाठोडं दोघींनी मिळून उचलणं, एवढं तरी होऊ शकतं. शेतमालक हा भाग ऐकत असेल तर त्यानंही मनावर घ्यावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, संडासवरचा ताबा गेला, गाडीच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली किंवा पंजा अचानक लुळा पडला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री निघा. अकोल्यात सर्वोपचार, अमरावतीत इर्विन, नाहीतर मणक्याचे सर्जन असलेला जवळचा मोठा दवाखाना. इथं मात्र उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. ताप, कारण नसताना वजन घटणं, आधी कॅन्सर किंवा टीबी झालेला असणं, किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल, तरी लवकर दाखवा.

ही शेवटची यादी घरच्या ग्रुपवर नक्की टाका. आई-बाबा पूर्ण भाग ऐकणार नाहीत, पण एवढं वाचतील. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि ऐकता ऐकता जरा उठून चाला!