सावलीतली जमीन उघडी नको
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेले भाषण)



25 वर्षांत आपल्या आवारातली झाडं मोठी झाली. त्यांच्याखाली आणि इमारतीच्या उत्तरेला सावली दाट झाली. तिथलं लॉन गेलं. आता पावसात चिखल, उन्हाळ्यात धूळ! म्हणून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. त्याआधी माझं थोडं ऐका.

लॉन गेलं, यात माळीदादांचा दोष नाही. गवताला ऊन लागतं. थंड प्रदेशात अशा सावलीत व्हायोलेट लावतात. आपल्या काढ्यातली बनफशा ही त्यातलीच. पण ती काश्मीरकडची. रहिमतपूरचा वैशाख तिला सोसायचा नाही. तेव्हा ऑनलाइन रोपं मागवू नका.

साधारण तसंच गोलसर पान आपल्या मंडूकपर्णीचं असतं. बरेच जण हिलाच ब्राह्मी म्हणतात. ती जमिनीसरपट पसरते, पेऱ्यापेऱ्याला मुळं धरते आणि माती धरून ठेवते. मात्र तिला ओल हवी. बुंध्याजवळ झाडाची मुळं पाणी ओढून घेतात, तिथे स्पायडर प्लांट लावा.

मृगाचा पाऊस झाला की माती वरवर भुसभुशीत करा. झाडांची मुळं तोडू नका. कुजलेलं शेणखत मिसळा आणि मुळ्या फुटलेले तुकडे वीतभर अंतरावर लावा. भिंतीलगत फूटभर जागा मोकळी ठेवा. जाळं धरेपर्यंत तण हातानं काढावं लागेल. ये-जा करायला मध्ये सुट्या फरश्या टाका. आणि हो, गटाराजवळची पानं चटणीला तोडू नका!

आपण सह्याद्रीच्या पूर्वेला राहतो. महाबळेश्वरचा पाऊस आपल्या वाट्याला येत नाही. जो पडतो, तो जमिनीत मुरला पाहिजे. सगळीकडे ब्लॉक घातले, तर पाणी गटारात जाईल आणि 25 वर्षं जपलेल्या झाडांची मुळं तहानेली राहतील.

पार्किंगला ब्लॉक जरूर घाला. पण सावलीतल्या 100 चौरस फुटांवर एक पावसाळा हा प्रयोग होऊ द्या. त्याला साधारण 180 तुकडे लागतील. एकाच्या घरी कुंडी असली, तरी तिच्यापासून पुढे वाढवता येतील. दिवाळीला सगळ्यांनी मिळून जागा पाहू आणि मगच उरलेल्या जागेचं ठरवू.