चोरी, विश्वासघात आणि देशद्रोह
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'आयटीबद्दल काहीतरी बोल' असं सांगितलं होतं. पण आपल्या ग्रुपवर मध्यंतरी जो वाद पेटला, त्यावरच बोलते. दोन-दोन ओळींत भांडून तिथे कुणाचंच समाधान झालं नाही. प्रश्न असा होता: कंपनीचं संशोधन, डिझाइन किंवा सोर्स कोड चोरून विकणारा माणूस देशद्रोही म्हणायचा का?

माझं उत्तर 'नाही' असं आहे. तो चोर आहे, विश्वासघातकी आहे आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण ती कशाची, हे नीट सांगता आलं पाहिजे.

आपल्यातल्याच एकाचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. नाव सांगत नाही, तिसऱ्या रांगेत बसलाय. दोन वर्षं खपून त्याने एक फिक्श्चर बसवलं. त्याच्याकडचा माणूस सोडून गेला आणि चार महिन्यांत तेच फिक्श्चर दुसऱ्याच्या शेडमध्ये, कमी भावात. हा पोलीस ठाण्यात गेला, तर तिथे विचारलं, "चोरीला काय गेलं? ड्रॉइंग तर तुमच्या हातातच आहे." आपल्याला हसू येतं, पण विचारणाऱ्याचं फार चुकलं नव्हतं. आपल्या कायद्यात चोरी म्हणजे जंगम वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून हलवणं. पेन ड्राइव्ह उचलला तर चोरी. त्यातली माहिती कॉपी केली, तर २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा, विश्वासघाताचं कलम, करारभंग असं दारोदार फिरावं लागतं. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. तो करावा, अशी शिफारस २२व्या विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९व्या अहवालात केली. अमेरिकेत तो १९९६ पासून आहे. परकीय सरकारसाठी चोरी केली तर १५ वर्षांपर्यंत कैद, नुसती धंद्यासाठी केली तर १० वर्षांपर्यंत. यातल्या कशालाच तो कायदा देशद्रोह म्हणत नाही.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "मग दिघीचं काय?" रास्त प्रश्न आहे. नाशिक फाट्यावरून भोसरी ओलांडली की दिघी. डीआरडीओच्या तिथल्या संस्थेचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना मे २०२३ मध्ये राज्याच्या एटीएसने अटक केली. पाकिस्तानी हेराला माहिती पुरवल्याचा आरोप आहे. खरा की खोटा, ते न्यायालय ठरवेल. पण तिथेही गुन्हा नोंदवला गेला तो १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली, म्हणजे हेरगिरीचा.

हा कायदा मी मुद्दाम काढून वाचला आणि एका ठिकाणी थांबले. त्यात 'निषिद्ध स्थळ' कशाला म्हणायचं ते सांगताना फक्त सरकारी जागा धरलेल्या नाहीत. सरकारशी करार करून जिथे युद्धसामग्री किंवा तिचे नकाशे, नमुने तयार होतात, अशी खाजगी जागाही त्यात येते. म्हणजे चाकणच्या एखाद्या शेडमध्ये लष्करासाठी कंत्राटावर दारूगोळ्याचे भाग बनत असतील, तर तीही यात येऊ शकते. मालक खाजगी की सरकारी, यावर गोष्ट ठरत नाही. शत्रूच्या हाती काय लागलं आणि देशाच्या सुरक्षेला धोका आहे का, यावर ठरते. मोटारीच्या गिअरबॉक्सचं ड्रॉइंग स्पर्धकाला दिलं, तर त्या कंपनीचं नुकसान होतं. कदाचित नोकऱ्याही जातात. पण नोकऱ्या घालवणाऱ्या प्रत्येकाला देशद्रोही म्हणायचं ठरवलं, तर आपल्या पट्ट्यात बंद पडलेल्या कारखान्यांच्या मालकांपासून सुरुवात करावी लागेल!

शब्द जपून वापरा म्हणते, त्यालाही कारण आहे. इतिहासाच्या तासाला बाईंनी शिकवलं ते आठवा. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. आज कुणी त्यांना द्रोही म्हणेल का? आणि अलीकडचं पाहा. इस्रोचे नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये केरळ पोलिसांनी रॉकेट इंजिनाची गुपितं विकल्याच्या आरोपावरून पकडलं. आरोपांत तथ्य नाही, असं सीबीआयने १९९६ मध्ये सांगितलं. ५० लाखांची भरपाई देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०१८ उजाडलं. चोरीचा आळ माणूस कसाबसा झटकतो. हा आळ बायकामुलांनाही चिकटतो.

आमच्या क्षेत्रात तर नोकरी बदलणाऱ्याला सर्रास 'गद्दार' म्हणतात. अरे, कोड कंपनीचा, लॅपटॉप कंपनीचा, तो परत द्यायचा, कॉपी ठेवायची नाही, हे मान्य. पण दहा वर्षांत हाताला जे वळण लागलं, ते कुठे जमा करायचं? १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ त्याच माणसाच्या बाजूने उभं आहे. धंदा किंवा नोकरी करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. गुपित जपण्याचा करार मात्र टिकतो, आणि वर्कशॉपवाल्यांपैकी बहुतेकांनी तोच केलेला नसतो. आपल्या वर्गातली वकील मैत्रीण जेवणानंतर मागच्या बाकावर बसणार आहे, कामगारांशी आणि व्हेंडरशी करायच्या कराराचा मसुदा मराठीत घेऊन. फी घेणार नाही म्हणालीय, पण फक्त आजच.