तीन सह्यांचा कागद



या अधिवेशनाचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. दूरस्थ शिक्षणाची चर्चा ओरोसला व्हावी, हे मला फार योग्य वाटते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि त्याच्या मुख्यालयासाठी हे नगर उभे राहिले. दक्षिणेकडच्या तालुक्यांतल्या माणसाला एका दाखल्यासाठी रत्नागिरी गाठावी लागे, तो फेरा त्यामुळे चुकला. कचेऱ्या जवळ आल्या. विद्यापीठ मात्र पाचशे किलोमीटरवर मुंबईतच राहिले.

गोव्याच्या सीमेवरच्या दोडामार्गच्या तरुणाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी तो मोटारसायकल काढतो आणि डिचोली-म्हापशाच्या दिशेने कामाला जातो. कोणी औषधांच्या कारखान्यात, कोणी हॉटेलात, तर अलीकडे कोणी मोपाच्या विमानतळावर. संध्याकाळी तो घरी परततो. गोवा विद्यापीठाचे ताळगावचे पठार त्याच्यापासून तासा-दीड तासावर आहे. तिलारीचा घाट चढला की बेळगावची वाट लागते. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठही एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. इतकी विद्यापीठे जवळ असून त्याच्या महाविद्यालयाची नाळ जोडलेली आहे ती मुंबईशी. कामासाठी तो रोज दोनदा राज्याची हद्द ओलांडतो आणि त्याला कोणी कागद विचारत नाही. त्याच मुलाला गोवा विद्यापीठात एखादा विषय शिकायचा झाला, तर मायग्रेशन, पात्रता प्रमाणपत्र, समकक्षता असे एकामागून एक अर्ज सुरू होतात. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू होण्यापूर्वी गोव्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती आणि पणजीत मुंबईचे पदव्युत्तर केंद्र होते. ही हद्द कालपरवाची आहे, एवढेच मला इथे नोंदवायचे आहे.

आपल्या क्षेत्रात जे उभे राहिले, ते आधी सांगितले पाहिजे. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे १९८९ च्या कायद्याने नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळलेले डॉ. राम ताकवले तिथले पहिले कुलगुरू. विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतले आणि ते मनावरही घेतले. बारावीची पायरी न चढलेल्या प्रौढासाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला. पदवीची पुस्तके मराठीत लिहून घेतली, आणि ती एकट्याने वाचणाऱ्यासाठी लिहून घेतली. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मध्येच वाचकाला थांबवून विचारलेले प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरे. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून मराठीत इतक्या विषयांवर इतके गद्य याआधी कधी लिहिले गेले नव्हते. मराठी गद्याच्या इतिहासकारांनी या पुस्तकांकडे अजून नीट पाहिलेले नाही, याची मला खंत वाटते.

या व्यवस्थेचा प्राण कशात आहे, ते एका वहीत मला दिसले. अभ्यासकेंद्रावर पावसाळ्यातले संपर्कसत्र होते. एका अंगणवाडी सेविकेने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गृहपाठाची वही आणली होती. अर्थशास्त्राच्या उत्तरात तिने बाजारपेठेची पुस्तकी व्याख्या लिहिली आणि खाली आपल्या वाडीचा हिशेब मांडला. काजू बी घरात ठेवून दर वाढायची वाट बघणे कुणाला परवडते, मुलांच्या फीसाठी ती मे महिन्यातच व्यापाऱ्याला कोण देते, आणि दोघांच्या हाती शेवटी किती पडते. समंत्रकांनी, म्हणजे केंद्रावरच्या शिक्षकांनी, समासात लाल शाईने लिहिले होते, ‘हे पुस्तकात नाही, पण बरोबर आहे. आणखी दोन घरांची माहिती मिळवा.’ ती बाई ते वाक्य शेजारणीला दाखवत होती. विद्यापीठाशी तिची खरी ओळख त्या लाल ओळीतून झाली. छापील पुस्तक, दूरदर्शन, संगणक, मोबाइल, साधने बदलतील. शिकणाऱ्याचे लिहिलेले कोणीतरी मन लावून वाचते आणि त्याला उत्तर देते, ही गोष्ट बदलून चालणार नाही.

युरोपातल्या मुक्त शिक्षणाचा अनुभवही हेच सांगतो. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेची दारे उघडली होती, पण तिथे विद्यापीठाचे काम मुख्यतः परीक्षेपुरते होते. शिकायचे ज्याचे त्याने. हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ग्लासगोच्या भाषणात आकाशवाणी-दूरचित्रवाणीवरच्या विद्यापीठाची कल्पना मांडली, तेव्हा अनेकांनी ती हसण्यावारी नेली. मंत्री जेनी ली यांनी ती तडीस नेली आणि एका गोष्टीवर त्या हटून राहिल्या. हे गरिबांसाठीचे कमी प्रतीचे विद्यापीठ असणार नाही, त्याची पदवी इतर कोणत्याही पदवीच्या तोडीची असेल. १९६९ मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत शिकवणे सुरू झाले. लोकांच्या लक्षात राहिले ते बीबीसीवरचे कार्यक्रम. प्रत्यक्षात तिथला कणा होता प्रत्येक विद्यार्थ्याला नेमून दिलेला शिक्षक आणि त्याने तपासून, शेरे लिहून परत पाठवलेला गृहपाठ. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचे साहित्य, सूक्ष्मदर्शकासकट, टपालाने घरी जाई.

मग एकेक देश पुढे आला. स्पेनने १९७२ मध्ये, जर्मनीने हागेनला १९७४ मध्ये, नेदरलँड्सने हेर्लेनला १९८४ मध्ये, पोर्तुगालने १९८८ मध्ये दूरस्थ विद्यापीठ काढले. यात स्पेनचे उदाहरण आपल्या जिल्ह्याला जवळचे आहे. तिथली अभ्यासकेंद्रे गावोगावच्या स्थानिक संस्थांच्या आधाराने चालतात. नगरपालिका आणि प्रांतिक संस्था खर्चाचा वाटा उचलतात, म्हणून गावालाही केंद्र आपले वाटते. आपल्याकडे केंद्र असते महाविद्यालयाच्या एका खोलीत, रविवारपुरते. नगरपंचायतीचे वाचनालय संध्याकाळी तीन तास या विद्यार्थ्यांसाठी उघडे ठेवावे, असा ठराव आपल्या आठ तालुक्यांतल्या एकाही नगरपंचायतीला अवघड जाऊ नये.

मला आज सर्वांत जास्त बोलायचे आहे ते युरोपने याच्या पुढे टाकलेल्या पावलाविषयी. १९८७ मध्ये तिथल्या दूरस्थ विद्यापीठांनी मिळून एक संघटना बांधली. त्याच वर्षी इरॅस्मस योजना सुरू झाली आणि ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. विद्यार्थी गेला, शिकला आणि परत आला, तर तिथले शिक्षण इथे धरायचे कसे? त्यासाठी १९८९ पासून श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची, समान मोजणी सुरू झाली. एका पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. यात शिक्षकाने किती तास शिकवले हे मोजत नाहीत, शिकणाऱ्याने किती तास खर्चले हे मोजतात. घरी बसून शिकणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. १९९९ मध्ये बोलोन्या इथे २९ देशांच्या मंत्र्यांनी उच्च शिक्षणाची रचना जुळवण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २०१९ मध्ये विद्यापीठांच्या पहिल्या १७ संयुक्त आघाड्या निवडल्या गेल्या. भाषा वेगळ्या, कायदे वेगळे, आणि यातल्या कितीतरी देशांनी शतकभरात एकमेकांशी दोन महायुद्धे केलेली.

या सगळ्या डोलाऱ्याच्या तळाशी एक साधा कागद आहे. विद्यार्थी निघण्यापूर्वीच तो लिहिला जातो. तिकडे कोणते विषय शिकणार, त्यांचे श्रेयांक किती, आणि परतल्यावर ते इथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार. त्यावर तीन सह्या होतात: विद्यार्थ्याची, त्याच्या विद्यापीठाची आणि तिकडच्या विद्यापीठाची. ठरल्याप्रमाणे तो उत्तीर्ण होऊन आला की पुढे वाद उरत नाही. आपल्याकडे क्रम उलटा आहे. विद्यार्थी आधी शिकतो, मग गुणपत्रक घेऊन खिडकीसमोर उभा राहतो, आणि ते धरायचे की नाही ते समिती नंतर ठरवते. मधल्या काळात त्याचे वर्ष जाते.

साधने आपल्याकडे नाहीत असे कोणी म्हणू नये. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक आणली, ‘स्वयं’ या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम पदवीच्या ४० टक्क्यांपर्यंत धरण्याची मुभा दिली. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घेता येतात. खातेवही तयार आहे. त्या खात्यात शेजारच्या विद्यापीठातून काय जमा करता येईल, याचा करार मात्र आपल्या सीमेवरच्या विद्यापीठांनी करायचा आहे. आयोगाने सही करण्याची वाट बघत बसण्याचे हे काम नव्हे. दोन्ही तीरांवर रस्ते तयार असून मधल्या ओढ्यावर साकव नाही, अशी ही अवस्था आहे.

याची दुसरीही बाजू आहे. राज्य विद्यापीठाला दूरस्थ शिक्षणाचे केंद्र आपल्या राज्याबाहेर काढता येत नाही. त्यामुळे पेडणे, सत्तरी किंवा बेळगावातल्या मराठी माणसाला नाशिकची मराठी पुस्तके अभ्यासकेंद्राच्या आधाराने शिकता येत नाहीत. हा नियम सुचला कसा, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परराज्यांत पदव्यांची दुकाने निघाली होती. आणि आपल्या घरातही सगळे स्वच्छ नाही. तयार गृहपाठ विकत मिळतात, एकाच अक्षरातल्या वह्या तपासायला येतात, काही ठिकाणी संपर्कसत्र केवळ हजेरीपटावर भरते. हे चालू देणारा प्रत्येक जण त्या अंगणवाडी सेविकेच्या पदवीची किंमत कमी करतो. युरोपात विद्यापीठे एकमेकांची सही मानतात, कारण त्यांच्या कामाची बाहेरून तपासणी होते आणि तिचे अहवाल लोकांसमोर येतात. आपणही आपल्या केंद्रांचे दप्तर उघडे करायला तयार असले पाहिजे. ती तयारी नसेल, तर गोवा किंवा कोल्हापूर आपली सही का मानेल?

करार झाला तर शिकायचे काय, असे कोणी विचारील. या किनाऱ्याचे विषय विद्यापीठांच्या हद्दी पाळत नाहीत. समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था दोनापावलला आहे, मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीत, काजूच्या जाती काढणारे फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्यात. मालवणी, कोंकणी आणि मराठी साहित्य एकत्र वाचायचे तर मुंबई आणि गोवा दोन्हीकडचे शिक्षक हवेत. मालवणचा मुलगा यातला एक विषय इथे, एक तिथे, एक घरी बसून शिकला आणि पदवी एकच मिळाली, तर ती पदवी त्याच्या समुद्राची आणि त्याच्या बागेची असेल.

वेळापत्रकही त्याच्याच दिवसांना धरून हवे. मे महिन्यात देवगडात आंबा काढणी सुरू असते, घर चाकरमान्यांनी भरलेले असते, आणि आपण परीक्षा मांडतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. किनाऱ्यावरच्या तरुणाला तेव्हा थोडी उसंत असते, पण त्याच दिवसांत आतल्या गावात लावणी असते. म्हणजे एका जिल्ह्यालासुद्धा एक तारीख पुरणार नाही. वर्षातून तीन-चार वेळा परीक्षेची संधी द्यावी लागेल आणि संगणकामुळे ते आता शक्य आहे. संगणकावर सगळे सोपवण्याच्या मी विरुद्ध आहे, हेही याच ठिकाणी सांगते. २०२० मध्ये रेंज मिळावी म्हणून आपल्याच जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी भर पावसात डोंगरावरच्या झोपडीत बसून शिकत होती. तिच्या जिद्दीचे कौतुक सर्वांनी केले. तिच्यावर ती वेळ आली, याची जबाबदारी कोणी घेतली नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांत छापील पुस्तक आणि समंत्रक यांची गरज अजून बरीच वर्षे राहणार आहे.

दरवर्षी दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो आणि आपण अभिमानाने बातम्या वाचतो. त्या मुलांतली जी पुढे घर, बोट, बाग किंवा गोव्यातली नोकरी सांभाळत शिकणार आहेत, त्यांची जबाबदारी या सभागृहातल्या माणसांवर आहे. म्हणून माझी एकच मागणी आहे. मुंबई, गोवा, शिवाजी आणि मुक्त विद्यापीठ यांनी सिंधुदुर्ग आणि लगतच्या तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी, निदान पाच विषयांपुरता, तीन सह्यांचा करार करावा, असा ठराव या अधिवेशनाने करावा. ठराव संमत करून तो पाठवून दिला म्हणजे काम झाले, असे मानू नये. प्रत्येक संयोजकाने आपल्या केंद्रातल्या अशा विद्यार्थ्यांची यादी जोडावी: कोण कुठे राहतो, कुठे काम करतो, काय शिकू इच्छितो. चारही कुलगुरूंच्या टेबलावर ही यादी आपण स्वतः नेऊन ठेवू. दुपारच्या खुल्या सत्रात हा ठराव मांडायला मी उभी राहीन. आपण अनुमोदन द्यावे, अशी विनंती करते.